बिनमोटरचं चाक

आजवर कुणालाच सांगितलं नाही ते सांगतो. अकोल्याच्या स्पर्धेत आमचा रोबो हरला तो माझ्यामुळे. दोष मात्र वानखडेंनी स्वतःवर घेतला.

वानखडे म्हणजे मी शिकवतो त्या अमरावतीच्या कॉलेजातल्या वर्कशॉपचे प्रमुख. संशय हाच त्यांचा श्वास. तिवस्याच्या रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड त्यांनी सायकल ढकलत, चाकाचे फेरे मोजत तपासले होते. "दगड काय, कोनीबी गाडते," म्हणायचे.

मोटरवर तर त्यांचा खास दात. मोटरचं चाक जागच्या जागी घसरलं तरी फेरे मोजतच राहतं आणि रोबोला वाटतं, आपण पुढे गेलो. म्हणून त्यांनी रोबोच्या पोटाखाली बिनमोटरचं लहानसं चाक बसवलं. रोबो खरोखर सरकेल तेवढंच ते फिरणार. त्यावरून अंतर आणि वेग कळणार. "जे सोताच्या जोरानं फिरते, थे फेका मारते," असं ते पोरांना सांगत.

त्या चाकावर भार नको म्हणून चालवत नसताना रोबो कायम चाकापुरती खाच पाडलेल्या लाकडी पाटावर ठेवायचा, हा त्यांचा नियम. अकोल्याला जाताना रोबो माझ्याकडे होता. चहाला उतरलो, पाट गाडीतच राहिला आणि मी रोबो सरळ फरशीवर दणकन टेकवला. कट् असा आवाज झाला. मी इकडेतिकडे पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं.

स्पर्धेत चाक अडखळलं, अंतर कमी मोजलं आणि रोबो थांबायची खूण ओलांडून कडेच्या फळीवर आदळला. वानखडेंनी गालिच्यावर संशय घेतला, पंचांवर घेतला, अकोल्याच्या विजेवरही घेतला. मग पोरांवर घसरले, "पोट्टेहो, खरं सांगा! कोनं टेकवला खाली?" शेवटी माझ्याकडे वळले.

"सर, रस्ताभर तुमच्याजवळच होता ना?"

"हो. पाटावरच होता."

"मंग चूक माही. चाकच खोटं निंगालं."

परतताना मी चाचरत म्हणालो, "मला जास्त काही विचारलं नाहीत?"

"सगळ्यायचं मोजून मोजून थकतो ना माणूस," ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "एकतरी बिनमोजता पाह्यजे. घरी तर आपल्या कोनीच नाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते चाक काढून कपाटात टाकलं. हल्ली मोटर सांगेल तो आकडा मुकाट्यानं लिहून घेतात.

चाक खोटं नव्हतं. ते मी वाकवलं आणि खोटंही मीच बोललो. एवढं वानखडेंना तोंडावर सांगायचं अजून बाकी आहे.