काकाजींचं नरसाळं

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घही चुकतात, तेवढं माफ करा. आमचे शेजारी उकंडराव काकाजी यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

काकाजी रोज सकाळी ओट्यावर बसून नरसाळ्यातून भिजवलेला साबुदाणा ओतायचे, पाण्यासकट. खाली बादली. दाणे थांबले की गल्लीभर ओरडायचे, "अटकले!"

काकीजींना लकवा झाल्यापासून घास गिळता येत नव्हता. नुसती गाळलेली पेज. एक दिवस त्यांनी साबुदाण्याची खीर मागितली. ठसका लागला तर जिवावर बेतायचं, म्हणून काकाजींनी त्यांच्या गळ्याआधी नरसाळ्याला खाऊ घालायचं ठरवलं. नरसाळं माझं. मी तेल वाटीने ओतायची, पण परत मागायची हिंमत झाली नाही.

"पाहा सूनबाई," ते मला सांगत, "पातळ पाण्यात दाणे धावत येते अन् तोंडाशी एकमेकाच्या खांद्यावर चढते. पांढुर्ण्याले नागपूरची बस लागल्यावानी! घट्ट पेजेत कसे लायनीनं चालते."

समोरचा किराणावाला विचारी, "काकाजी, नरसाळ्याले भूक लागली काय?"

"लागली. पण तुह्या दुकानाचा माल त्याले पचून नाही राहिला!"

बादल्या ते नालीत रिकाम्या करत. साबुदाणा फुगला, नाली तुंबली आणि पाणी किराणावाल्याच्या दुकानात शिरलं. तो बांबू घेऊन धावला. काकाजी नालीशेजारी आडवेच झाले.

"ढकलू नको बे! ढकलशीन तं आणखी गच्च बसते!"

त्याने ढकललं. गच्च बसलं. मग दोघंही कोपरापर्यंत चिकट होऊन हाताने साबुदाणा उपसत बसले. काकाजी मात्र खूश. "समजलं सूनबाई! मोठा दाणा नाही पाहिजे. बारीक, अन् खीर घट्ट."

सौसरच्या डॉक्टरांनी अर्धा चमचा देऊन पाहा म्हटलं. काकीजींना टेकवून धरायला मला बोलावलं. काकाजींनी चमचा पुढे केला आणि त्यांच्याआधी आपलंच तोंड उघडलं. काकीजींनी गिळलं. ठसका नाही. आम्ही दोघं त्यांच्या गळ्याकडे पाहत राहिलो.

काकीजी अर्ध्या तोंडाने म्हणाल्या, "फिकी हाय."

"साखर आणतो," म्हणून काकाजी स्वयंपाकघरात गेले, ते लवकर आलेच नाहीत. साखरेचा डबा खाटेजवळच होता.