बावन्न पावलांचं गाव

आमच्या शेजारच्या तात्यांना वेळ विचारली की ते पावलं सांगतात. "तात्या, एसटी किती वाजता?" "स्टँड इथनं सहाशे चाळीस पावलं. आता निघालीस तर गावंल." पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तेव्हा बाकीचे पोहे खात होते आणि हे तिच्या घरापासून विहिरीपर्यंत मोजत गेले. परत येऊन म्हणाले, "पोरीला पानी लय लांब पडतंय. आपल्याकडंच आनूया तिला." लग्न ठरलं!

तात्या भूमापनात साखळीवाले होते. म्हणजे साहेब सावलीत बसून कागदावर रेघ मारायचे आणि तात्या साखळीचं टोक धरून करवंदीच्या काट्यांतून धावायचे. उभी नोकरी अशी गेली. "माझं पाऊल अडीच फुटाचं, सरकारमान्य," हे ते जेवताना सांगत, भांडताना सांगत, मयताला गेले तरी सांगत.

त्यांच्या ओटीपासून पलीकडच्या आळीतल्या आक्काच्या दारापर्यंत बावन्न पावलं. आक्का त्यांची थोरली बहीण. तिला गुडघ्यांमुळे उंबऱ्याबाहेर पडता येत नाही. इकडे कुळथाची पिठी झाली की झाकलेली वाटी तिकडे जायची, आणि आमच्याकडे वाटी रिकामी परत धाडत नाहीत, म्हणून तिकडून कधी लोणचं, कधी घावन यायचं. मध्ये होता तो जुना रस्ता. दोन्हीकडे बघायचं, पदर खोचायचा आणि ओलांडायचा.

मग हायवे रुंद झाला. पोलादपुरात आमच्या आळीपाशी मधोमध छातीएवढी सिमेंटची भिंत आली. आता पलीकडे जायचं तर खाली बोगद्यापर्यंत चालायचं, पावसाळ्यात तिथल्या घोटाभर पाण्यातून जायचं आणि पलीकडून तेवढंच मागे यायचं. तात्या पहिल्या दिवशी मोजून आले आणि भर रस्त्यात ओरडले, "नऊशे चौदा! बावन्नाचे नऊशे चौदा! नकाशात माणूस काढलाच नाय रे त्यांनी!"

लोक म्हणतात, विकास झाला. झाला ना! मुंबईहून गोव्याला जाणाऱ्याला आमचं गाव दोन मिनिटं आधी मागे टाकता येतं, याहून मोठा विकास तो काय? पलीकडच्यांना डावीकडे वळलं की सरळ महाड. म्हणून त्यांची भाजी महाडची, कपडे महाडचे, आता सोयरिकीही महाडच्याच. आम्ही डावीकडे वळलो तर कशेडी घाट. तिकडे काय माकडांकडून कोथिंबीर आणायची? डोक्यावर दळण घेऊन एवढा वळसा कोण घालणार? आमच्या बाजूच्या गिरणीला टाळं लागलं. मी अंगणवाडीत शिकवते, माझी निम्मी पोरं पलीकडची. पटावर नावं आहेत, सतरंजीवर पोरं नाहीत. वर मलाच विचारणा, उपस्थिती का घटली? तळपायाची आग मस्तकात जाते! या भिंतीवर चढून बसा म्हणावं, दिसेल का घटली ते.

तात्यांचं मागणं एकच होतं. भिंतीत माणूस जाईल एवढी फट ठेवा, किंवा वरून जिना द्या. आक्का आहे तोवर द्या. अर्जांना उत्तर आलं नाही. शेवटी एकदा एक साहेब पाहणीला आले. नकाशा गाडीच्या टपावर पसरला. तात्या घरात गेले आणि वाफाळती पिठीची वाटी आणून त्यांच्या हातात ठेवली.

"हे काय?"

"पिठी. समोर ती निळी खिडकी दिसतेय ना, तिथं माझ्या भनीला नेऊन द्या. गरम पोचली पायजे."

"अहो, मी अधिकारी आहे."

"मग लवकर पोचाल. चला!"

साहेब चालले. बिचाऱ्यांना वाटी खाली ठेवता येईना, धरवेना. मागे तात्या मोठ्याने पावलं मोजत, त्यांच्यामागे मी आणि सगळी आळी. बोगद्यात साहेबांचा बूट चिखलात रुतला. आक्काच्या दारात पोचेपर्यंत पिठी थिजली होती आणि साहेब घामाने निथळत होते. आक्का म्हणाली, "ह्यो कोन पावना? दमलाय गो! बस रे लेका, जेवून जा."

साहेब ओशाळले. पाणी पिऊन म्हणाले, "प्रस्ताव पाठवतो. पण काका, आखणी झाली तेव्हाच हरकत का नाही घेतली?"

आणि आमचे तात्या, जे एसटीच्या कंडक्टरशी पावलांवरून तासभर भांडू शकतात, ते पिठीची वाटी उचलून आक्काच्या चुलीकडे वळले. त्याचं कारण मला माहीत होतं. आखणीच्या वेळी जुना जाणता म्हणून त्यांनाच बोलावलं होतं. टेपचं टोक त्यांनीच धरलं, आमच्या दारातली खुंटी त्यांनीच ठोकली, आणि आक्काने तेव्हा सगळ्यांना चहा पाजला. परतताना ते मला म्हणाले, "रुंद करनार म्हनाले गो. रुंद म्हंजे रुंद. भिंत म्हनाले नव्हते."

प्रस्ताव गेला तो गेलाच. तात्यांची खेप मात्र चुकली नाही. रोज परत आले की हायवेकडे तोंड करून आकडा ओरडायचे. पावसाळ्यात नऊशे साठ झाला. दिवाळीला चौदाशे सव्वीस. शिमग्याला दोन हजार चाळीस. "रस्ता लांबवतायत लेकाचे!" आळी हसायची. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

परवा ओटीवरच त्यांच्या हातून थोडी पिठी सांडली म्हणून वाटी मी घेतली आणि बरोबर निघाले. बोगद्यापाशी सहज त्यांच्या पायांकडे लक्ष गेलं. सरकारमान्य पाऊल राहिलं नव्हतं. एका पायाच्या अंगठ्यापुढे दुसऱ्याची टाच जेमतेम पडत होती.

"बगतेस काय?" ते थांबले. "रस्ता हाय तेवडाच हाय, सुमन. मीच आखूड झालो." मग भिंतीला हात टेकून म्हणाले, "आक्काला बोलू नको. ती रोज इचारते. मी नऊशे चौदाच सांगतो."

मला भिंतीचा, त्या नकाशाचा, आणि हसले म्हणून स्वतःचाही संताप आला.

आक्का उंबऱ्याशीच बसली होती. "बाळ्या, किती रे आज?"

तात्यांना धाप लागली होती. मीच म्हणाले, "नऊशे चौदा, आक्का."

तिने माझ्याकडे बघितलं, मग खाली तात्यांच्या पायांकडे. वाटीवरचं झाकण काढून थिजलेल्या पिठीत बोट बुडवलं, चाटलं आणि म्हणाली, "गरम हाय रे अजून."