आर्वोंचं एकमेव वाक्य आणि माझ्या तीन डिस्का

मी निर्णय घेणारा माणूस आहे. फिनलंडमधल्या आमच्या कुओपिओ गावच्या दैनिकात पहिल्या पानाची मुख्य बातमी कुठली, हे मी कॉफीचा कप गार व्हायच्या आत ठरवतो. त्यामुळे घरातल्या कॉम्प्युटरच्या डिस्कांना कुठली फाइल सिस्टिम द्यायची, हा प्रश्न माझ्यासाठी अगदीच किरकोळ होता!

फाइल सिस्टिम म्हणजे कपाटातले कप्पे. डिस्क हे कपाट. कप्पे कसे पाडायचे, एवढंच ठरवायचं. माझ्याकडे घरातलं सगळं साठवलेली एक जुनी डिस्क होती आणि दोन नव्या. योजना तयार होती. मोठ्या नव्या डिस्कवर झेडएफएस, म्हणजे बँकेच्या तिजोरीसारखी व्यवस्था. छोट्या नव्या डिस्कवर फॅट-थर्टीटू, कारण आमच्या म्हाताऱ्या टीव्हीला तेवढीच भाषा कळते. सगळं हलवून झालं की जुनी डिस्क पुसायची आणि मोठीच्या जोडीला बसवायची, म्हणजे प्रत्येक गोष्ट दोन ठिकाणी!

"आणि बाबांची फिल्म?" बायकोने विचारलं. मेर्वी कमी बोलते, पण बरोबर जागी बोलते.

"ती छोट्या डिस्कवर. टीव्हीला लावली की सुरू."

"तिची दुसरी कॉपी आहे ना?"

"आहे की!" मी म्हणालो. आणि खरंच होती. त्याच जुन्या डिस्कवर, शेजारच्या फोल्डरमध्ये.

ही फिल्म म्हणजे आमच्या घरातला सर्वांत मौल्यवान ऐवज. माझे सासरे आर्वो गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरायला बसलेत. स्टुलावर. मेर्वी चित्रण करते आहे. पहिला तास काहीच घडत नाही. मग अर्धा तास आणखी काही घडत नाही. मासाही येत नाही. आणि अगदी शेवटी आर्वो थर्मासमधून कॉफी ओततात, एक घोट घेतात आणि म्हणतात, "कॉफी चांगली झालीय."

संपली फिल्म. आर्वोंच्या आवाजाचं जगात एवढंच रेकॉर्डिंग आहे. संसारात त्यांनी केलेलं कौतुकही बहुधा एवढंच! आमच्या कॅलेंडरात प्रत्येक नावाला वर्षातला एक दिवस दिलेला असतो; ते गेल्यापासून, आर्वो नावाचा दिवस आला की सासूबाई, म्हणजे लेम्पीआई, आमच्याकडे येतात. आम्ही वेलचीचा गोड पाव खात अख्खी फिल्म बघतो. शेवटचं वाक्य आलं की सगळे गप्प बसतात. म्हणजे आधीही गप्पच असतात, पण तेव्हा जास्त.

यंदा तो दिवस रविवारी आला. शनिवारी संध्याकाळी मी फिल्मची कॉपी सुरू केली आणि टॉवेल घेऊन सौनाला, म्हणजे बिल्डिंगच्या सामायिक वाफेच्या स्नानाला गेलो. शनिवारची वेळ आमच्या बिल्डिंगमध्ये आमची आणि ताइस्तोची. डिस्क जळाली तरी चालेल, सौनाची पाळी चुकवायची नाही.

ताइस्तो वरच्या मजल्यावर राहतो. टेलिफोन खात्यात इंजिनिअर होता, आता निवृत्त. मी त्याला माझी योजना सांगितली.

"झेडएफएस," तो म्हणाला. "उत्तम." ताइस्तोच्या हिशेबाने हे मोठं भाषण झालं.

"आणि सासऱ्यांच्या फिल्मला फॅट-थर्टीटू!"

ताइस्तोचा पाण्याचा डाव हवेतच थांबला. त्याने तोंड उघडलं. मिटलं. मग तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं आणि वाफेत गडप झाला.

"जुनी डिस्क पुसताना नीट पूस," थोड्या वेळाने वाफेतून आवाज आला. "सगळीकडे शून्यं फिरव."

परत आलो तेव्हा चष्म्यावर धुकं होतं. स्क्रीनवर कसलीशी एक ओळ धूसर दिसत होती, कॉपी थांबलेली होती. थांबली म्हणजे संपली! मी बाकीचं सामान मोठ्या डिस्कवर हलवलं, तिथे सगळं नीट पोचल्याचं पाहिलं आणि जुन्या डिस्कवर शून्यं फिरवली. अशी फिरवली की तिथे पूर्वी काही होतं हे खुद्द डिस्कलाही आठवू नये! मग ती मोठीच्या जोडीला बसवली.

रविवारी सकाळी सहज फिल्म लावून बघितली. शेवटाकडे ढकलली. आर्वो बसलेत. आर्वोंनी थर्मास उचलला. झाकण फिरवलं. कॉफी ओतली. कप ओठांकडे नेला...

आणि पडदा काळा!

मी पुन्हा लावली. पुन्हा कप ओठांकडे, पुन्हा काळा. मी ताइस्तोला फोन केला.

"फॅट-थर्टीटूमध्ये एक फाइल चार जीबीच्या पुढे मावत नाही," तो शांतपणे म्हणाला. "तिथे कापली जाते."

"तुला काल माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

तेही खरंच. दुसऱ्याच्या डिस्कबद्दल न विचारता मत देणं म्हणजे दुसऱ्याच्या बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवणं. मीही दिलं नसतं.

"मूळ टेप असेल," तो म्हणाला.

"शरद ऋतूतच कचऱ्यात दिली. म्हटलं, डिजिटल म्हणजे अमर!"

"काउको," ताइस्तो मोठ्याने म्हणाला, आणि फोनचा स्पीकर चालू होता, "गेलं ते. आता काही केलं तरी परत येणार नाही."

"कोण गेलं?" दारात मेर्वी उभी होती.

"मांजर!" मी म्हणालो. "ताइस्तोचं मांजर. मिर्री."

माझी बायको फार चांगल्या मनाची आहे, हे मी त्या क्षणी विसरलो. तिने लेम्पीआईंसाठी भाजलेल्या पावांतला एक उचलला, एक मेणबत्ती घेतली आणि सांत्वनाला वर गेली. दहा मिनिटांत परत आली. मेणबत्ती हातात तशीच.

"काउको."

"हं."

"मेलेलं मांजर आत्ता माझ्या पायाला अंग घासून गेलं."

"ताइस्तो काय म्हणाला?"

"'थँक्यू' म्हणाला आणि पाव ठेवून घेतला. आता तू बोल."

मी बोललो. सगळं. मेर्वी खुर्चीवर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"वाचलं काय काय?" तिने शेवटी विचारलं.

"आपली वीजबिलं," मी म्हणालो. "दोन-दोन ठिकाणी सुरक्षित आहेत."

तिने माझ्याकडे असं बघितलं की त्या बिलांचीही मला लाज वाटली. "आईच्या आयुष्यात तेवढं एक वाक्य होतं. तिला तू सांगायचंस. मी नाही."

तेवढ्यात बेल वाजली.

लेम्पीआई आल्या, बूट काढले, नेहमीच्या खुर्चीत बसल्या. मी तीनदा सांगायला तोंड उघडलं. पहिल्यांदा त्यांना कॉफी दिली, दुसऱ्यांदा साखर दिली, तिसऱ्यांदा फिल्म लावली!

दीड तास आर्वो तळ्यावर बसले आणि मी सुळावर. थर्मास आला. मेर्वीने डोळे मिटले. कप ओठांकडे गेला आणि पडदा काळा झाला.

मी रिमोट खाली ठेवला.

"पुढचं?" लेम्पीआई म्हणाल्या.

"आई, पुढचं गेलं. माझ्या चुकीने गेलं. कुठेच उरलं नाही."

"कुठेच नाही? नक्की?"

"नक्की."

लेम्पीआईंनी कप बशीवर ठेवला आणि असा लांब श्वास सोडला, जसा माणूस घट्ट बूट काढल्यावर सोडतो.

"देवाची कृपा!" त्या म्हणाल्या.

"आई!" मेर्वी ओरडली.

"त्या दिवशी मला सर्दी झाली होती. थर्मास शेजारच्या सिल्वीने भरून दिला होता. एक्केचाळीस वर्षं माझी कॉफी प्यायला हा माणूस, चकार शब्द नाही. आणि सिल्वीच्या पहिल्या घोटाला, 'चांगली झालीय'! आणि ते मी दरवर्षी पाव खात ऐकायचं!"

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तुम्हा दोघांना इतकं आवडायचं, म्हटलं कशाला मोडता घालू."

मेर्वी आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. "आम्ही तर तुझ्यासाठी बघत होतो गं!"

"आता मीही बघेन," लेम्पीआई काळ्या पडद्याकडे बघत म्हणाल्या. "माझा आर्वो असाच होता. शेजारी बसायचा आणि काही बोलायचा नाही. आता तो बरोबर जागी थांबतो."

त्या उठल्या, माझ्या कपात स्वतःच्या हाताने कॉफी ओतली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आभारी आहे, काउको." लग्नानंतर त्यांनी माझे आभार मानले ते त्या दिवशी पहिल्यांदा. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या! पाठ पुस्तकांच्या कपाटाकडे करून मी ते पुसलं.

"जावईबापू," त्या पुन्हा बसत म्हणाल्या, "तुमच्या लग्नाची फिल्म कुठे आहे?"

"मोठ्या डिस्कवर. तिजोरीत! तिला काही होणार नाही."

"लांब आहे का?"

"चांगली दोन तासांची."

"आणि तुझं भाषण?"

"अगदी शेवटी," मी अभिमानाने म्हणालो.

लेम्पीआईंनी मेर्वीकडे बघितलं. मेर्वीने लेम्पीआईंकडे बघितलं.

"ती पण या छोट्या डिस्कवर टाक," दोघी एकदम म्हणाल्या.