गुरुवार दुपारची ड्यूटी

बोरखेडच्या ख्रिस्ती मंडळीने आळीपाळीने वाट पाहून जगाचा शेवट थोपवून धरला होता, आणि गुरुवारची दुपार दुर्कसबाई घाटविसावेंकडे होती.

यात अवघड असं काही नव्हतं. शेवट यायचा तो कोणाच्या ध्यानीमनी नसताना, हे मंडळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग निदान एकाच्या तरी ध्यानीमनी असला की झालं. कर्णा फुंकणारा देवदूत एकच, त्याला नेमणूक बोरखेडची मिळालेली. त्यामुळे बाकीच्या जगाने यात लक्ष घालायचं कारण नव्हतं, आणि त्याने ते घातलंही नाही.

दूत आला तेव्हा चर्चवर पत्रे चढवायचं काम चाललं होतं. पाळक त्रिभुवनसाहेब खाली उभे राहून रविवारचा उपदेश मनात घोळवत होते. दूत त्यांच्यापाशी आला, पंख आवरून घेतले आणि म्हणाला, "आत्ता या घटकेला शेवट येईल असं कोणाला वाटतंय का?"

"मला वाटतंय," पाळक म्हणाले. त्यांचा उपदेश त्यावरच होता.

"मग येता येत नाही," दूत म्हणाला आणि चिंचेखाली जाऊन बसला. पुढची घंटा झाल्यावर त्याने येऊन पुन्हा विचारलं.

संध्याकाळी मंडळीची सभा भरली. पत्रे चढेपर्यंत कळ काढावी, असं हात वर करून ठरलं. पत्रे चढले. मग हंगामाचा सण तोंडावर आला. मग पंच उजागरेंची म्हैस गाभण होती. शेवट नकोच असं कोणाचं म्हणणं नव्हतं हो, अगदी शपथेवर सांगते मंडळी. फक्त एवढा आठवडा जाऊ दे, इतकंच. मग दिवस वाटून घेतले. ज्याची ड्यूटी असेल त्याने आपल्या घरी दाराशी बसायचं, चर्चची घंटा झाली की दूत येऊन विचारणार, याने "वाटतंय" म्हणायचं, की दूत परत चिंचेखाली. बाकीच्यांनी निर्धास्त आपापली कामं करावीत. महिला मंडळाने कर्ण्याला फुलाफुलांच्या कापडाची खोळ शिवून दिली, कारण चिंचेवरचे कावळे घाण फार करायचे.

खोटं बोलून मात्र भागत नसे. दूत तोंडाकडे बघायचा. वाटत नसताना "वाटतंय" म्हणणारा त्याला लगेच कळायचा. म्हणून माणसं पारखून घ्यावी लागली होती, आणि त्या सगळ्यांत पक्का गडी म्हणजे दुर्कसबाईंचे यजमान, बर्नबास.

बर्नबास एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी गुरुवारची दुपार मागून घेतली आणि ती ड्यूटीसारखीच केली. जेवण झालं की खाकी शर्ट, पायांत काळे बूट, नाड्या करकचून बांधलेल्या, आणि दाराकडे तोंड करून खुर्ची. दुर्कसबाईंचा जीव वरखाली व्हायचा, तो शेवटाच्या भीतीने नव्हे, फरशीच्या काळजीने.

"अहो, घरात बूट? आत्ता पुसलीये फरशी!"

"अगं, हाक आल्यावर बूट शोधत बसू का मी? गाडी सुटायच्या आधी स्टँडवर असावं माणसानं."

"फरशी तुम्ही पुसा मग."

"पुशीन की. शेवट नाही आला तर संध्याकाळी पुसतो."

शेवट कधी आला नाही आणि फरशी त्यांनी कधी पुसली नाही. एक दिवस मात्र छातीत कळ आली आणि ते गेले. जाण्याआधी त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. मला बुटांसकट पुरा, नाड्या बांधून. आणि दफनभूमीच्या फाटकाजवळची जागा द्या. पंच उजागरे कुरकुरले की पेटीत बूट घालून कोण निजतं, पण मयताची इच्छा म्हणून मान्य केलं. नाड्या दुर्कसबाईंनी स्वतः बांधल्या. गुरुवारची दुपार आपसूकच त्यांच्याकडे आली.

सुरुवातीला त्यांना सोपं गेलं. मेलेले उठणार, आणि त्यात आपले हेही उठणार, या आशेवर त्या खुर्चीसमोर पाटावर बसायच्या. घंटा झाली, दूत आला, "वाटतंय का?" म्हणाला, की त्या डोळ्यांत पाणी आणून म्हणायच्या, "वाटतंय हो, फार वाटतंय." दूत "बरं" म्हणून जायचा. असं किती गुरुवार चाललं असेल कोण जाणे. आणि मग एकदा मेथी निवडता निवडता त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

त्या तशाच हातात जुडी घेऊन पाळकांकडे गेल्या.

"साहेब, मला एक सांगा. मी वाट बघते म्हणून शेवट येत नाही. बरोबर?"

"बरोबर."

"शेवट येत नाही म्हणून हे उठत नाहीत."

पाळकांनी चष्मा काढून पुसला. "तसंच दिसतंय."

"म्हणजे मी यांची वाट बघते म्हणून हे येत नाहीत?"

"बाई, असं एकदम म्हणू नका."

"मग वाट बघणं सोडून देते."

"अहो, वाट बघणं सोडणं हे पाप आहे!" पाळक घाबरून म्हणाले. "आपण सदैव तयार असायला पाहिजे."

"आणि तयार असलं की तो यायचा नाही."

"नाही यायचा."

"मग तयार कशासाठी असायचं?"

"तो येईल म्हणून," पाळक म्हणाले. मग दोघंही मेथी निवडायला बसले.

पंच उजागरेंकडून काही सुटका होईल म्हणून बाई तिकडेही गेल्या. माझी ड्यूटी बदला, नाहीतर दुसरं कोणीतरी बघा, म्हणाल्या. उजागरे हात जोडून उभेच राहिले. त्यांच्या निरुपमाचं लग्न मे महिन्यात ठरलं होतं. हॉल घेतलेला, आचारी सांगितलेला.

"वहिनी, एवढं लग्न होऊन जाऊ द्या. तोवर डोक्यात दुसरा विचार आणू नका. गुरुवार ढिला पडला तर माझ्या पोरीच्या हळदीचं काय?"

"आणि माझ्या नवऱ्याचं काय, भाऊजी?"

"बर्नबास काय, फाटकाजवळच आहे. कुठं पळतोय?"

बाई घरी आल्या आणि धाय मोकलून रडल्या. त्यांना नवरा हवा होता. जगाचं व्हायचं ते होवो, ज्याची त्याने हळद बघावी. एकटीपुरता भात टाकताना पातेल्यात तांदूळ जास्तच पडायचे, आणि उरलेला भात दुसऱ्या दिवशी फोडणीला घालून एकटीनेच संपवावा लागे.

मग त्यांनी विसरून जायचं ठरवलं. गुरुवार उजाडला की त्या कामाला जुंपून घ्यायच्या. डाळी उन्हात घातल्या, गोधड्या धुतल्या, डबे उतरवून घासले. पण घंटा झाली आणि दूत दारात आला की सगळं मुसळ केरात.

"वाटतंय का?"

"आत्तापर्यंत नव्हतं वाटत! तुम्ही विचारलंत आणि वाटायला लागलं."

"विचारल्यावर सगळ्यांनाच वाटतं," दूत म्हणाला.

"मग विचारू नका ना."

"विचारल्याशिवाय वाटतंय की नाही हे कळणार कसं?"

"दूतसाहेब, मग शेवट येणार तरी कसा?"

दूताने थोडा विचार केला. "मलाही कळत नाही," तो म्हणाला. "मला फक्त विचारायचं काम आहे." बाईंनी त्याला चहा दिला. तो प्यायचा नाही, पण कप हातात धरून बसायला त्याला आवडायचं.

लग्नाला दोन दिवस राहिले होते तो गुरुवार. बाईंनी गॅसवर दूध ठेवलं आणि पुढची खोली झाडायला घेतली. विसरायचं वगैरे त्यांच्या मनात नव्हतं, त्या विसरण्याला कंटाळल्या होत्या. झाडत झाडत खुर्चीपाशी आल्या आणि इतक्या वर्षांच्या सवयीने बोलून गेल्या, "पाय वर घ्या."

खुर्ची काही बोलली नाही. बाईंनी केरसुणी खुर्चीच्या पायावर आपटली.

"पाय वर घ्या म्हणते ना! ते बूट बघा, सगळी माती. एवढं मेलं मला राबवायचं आणि आपण बसायचं लाटसाहेबासारखं. आणि हसायला काय झालं?"

घंटा झाली होती. दूत येऊन पायरीवर उभा होता.

"वाटतंय का?"

"काय?" दुर्कसबाई खेकसल्या. त्यांचं सगळं लक्ष खुर्चीखालच्या मातीकडे होतं. नवरा समोर बसलेला असताना वाट बघायची कोणाची?

दूताने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग "बरं," म्हणाला, आणि कर्ण्याची खोळ काढून, नीट घडी घालून पायरीवर ठेवली.

खोळ बघितली आणि बाई भानावर आल्या. खुर्ची रिकामी होती. "अगंबाई!" त्या ओरडल्या. "थांबा, थांबा! वाटतंय हो मला, आता वाटतंय!"

"आता दिसतंय तुम्हाला," दूत म्हणाला. "दिसण्याला वाटणं म्हणत नाहीत."

"दूध ठेवलंय गॅसवर!"

दूताने कर्णा तोंडाला लावला. आधी थोडी धूळ निघाली, मग चिमणीच्या घरट्याच्या काड्या, आणि मग सूर निघाला. आभाळ पूर्वेकडच्या कोपऱ्यात थोडं उसवलं. पाळक एका पायात चप्पल घालून पळत बाहेर आले. उजागरे "माझी निरुपमा! माझी निरुपमा!" करत उंबऱ्यातच बसले. बाई केरसुणी छातीशी धरून उभ्या होत्या. हेच हवं होतं ना, मग आपण थांबा का ओरडलो, हे त्यांचं त्यांनाच समजेना.

मेलेले आधी उठणार, असं शास्त्रात आहे, आणि तसंच झालं. दफनभूमीत माती हलायला लागली. पण मंडळीचे पूर्वज बेसावध निजलेले. कोणाला चष्मा सापडेना, कोणी धोतर चाचपतंय, कोणी शेजारच्याला विचारतंय की सकाळ झाली का. फाटकाजवळून मात्र एक माणूस उठला, खाकी शर्ट झटकला आणि बूट वाजवत सरळ घराच्या रस्त्याला लागला.

"अगं, आज गुरुवार ना?" बर्नबास ओटा चढत म्हणाले. "डोळा लागला वाटतं माझा." आणि दाराकडे तोंड करून खुर्चीत बसले.

दुर्कसबाईंनी नवऱ्याच्या मनगटाला हात लावून पाहिला. मनगट गरम होतं.

बर्नबासनी दूताला बघितलं. "घंटा झाली का? विचारा की मग."

दूताने कर्णा तोंडापासून बोटभर दूर केला. "वाटतंय का?"

"वाटतंय की."

"कधीपासून?"

"कधीपासून म्हणजे? वाटतच होतं. झोपेतसुद्धा वाटत होतं."

"मघाशी मी बाईंना विचारलं, तेव्हाही?"

"तेव्हाही."

दूत खाली पायरीवर बसला. "मयतांना विचारायची पद्धत नाही," तो हळूच म्हणाला. "पण तुमच्या ध्यानीमनी होतं म्हणजे होतं. असं असताना फुंकता येत नाही. माझ्याकडून चूक झाली."

उरलेला सूर त्याने तसाच गिळला आणि कर्ण्यावर खोळ चढवली. दफनभूमीत निरोप गेला की सध्या नाही. उजागरेंचे आजोबा कमरेपर्यंत वर आले होते, ते कुरकुरत पुन्हा आडवे झाले. आभाळाचा उसवलेला कोपरा मात्र तसाच राहिला. तिथून सकाळचं ऊन जरा जास्त येतं, त्यामुळे त्या बाजूच्या बायका आता पापड तिकडेच वाळत घालतात.

पाळक आणि उजागरे धापा टाकत आले. उजागरेंनी बर्नबासना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग ते म्हणाले, "शनिवारी लग्न आहे. दोघं या."

"दोघांनी यायला हरकत नाही ना, साहेब?" दुर्कसबाईंनी पाळकांना विचारलं.

"मला यात काही कळत नाही, बाई," पाळक म्हणाले. "पण याच. दोघंही या."

दूध उतू गेलं होतं. उरलं त्यात बाईंनी चहा केला, तीन कप. पुढची घंटा होईपर्यंत त्या खुर्चीशेजारी पाटावर बसून राहिल्या. बर्नबासच्या बुटांतून फरशीवर चांगली पसाभर माती सांडली होती, पण त्यांनी केरसुणीला हात लावला नाही.

घंटा झाली. दूताने बर्नबासना विचारलं, त्यांनी मान हलवली. काम झालं होतं. तरी जाता जाता तो बाईंपाशी थबकला.

"आणि तुम्हाला?"

"माझी ड्यूटी नाही आता."

"ड्यूटी म्हणून नाही. सहज विचारलं."

दुर्कसबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते चहा फुंकून फुंकून पीत होते. "मला आता सारखंच वाटतंय," त्या म्हणाल्या. "एक क्षण वाटायचं थांबत नाही."

दूताने त्यांच्या तोंडाकडे बघितलं, "बरं," म्हणाला आणि चिंचेखाली गेला.

बाई उठल्या. दाराबाहेरच्या आपल्या चपला त्यांनी झटकून पायांत घातल्या, पट्टे ओढून बसवले, आणि तशाच पुसलेल्या फरशीवरून आत जाऊन दोघांपुरता भात टाकला.