केळुसकरांच्या आमटीत काय नसतं

केळुसकरांकडे जेवायला गेलं की आमटीत काहीतरी नसायचं. कधी हिंग, कधी आमसूल, एकदा तर डाळच नव्हती. चुकून राहिलेलं नसे, मुद्दाम काढलेलं असे. वस्तूचं काम काय, हे ती काढल्याशिवाय कळत नाही, असा त्यांचा सिद्धान्त. "असताना काय, सगळंच गोड लागतं हो. काढून बघा!"

फुलपाड्यातल्या बिल्डिंगमध्ये आमची दारं समोरासमोर. त्यांनी चष्म्याची एक काडी काढून बघितली, दाराची बेल काढून बघितली. जिन्यातला दिवा काढला तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी तीन पायऱ्या एकदम उतरले. केळुसकरांनी त्यांना हात देऊन उठवलं आणि आनंदानं विचारलं, "कळलं ना काम?"

ते उंदरांचे शास्त्रज्ञ. मुंबईत प्रयोगशाळेत नोकरी. मीटरच्या खोलीत उंदीर झाले की बिल्डिंग त्यांच्याकडे धावायची. ते बॅटरी मारून नीट बघत आणि "हे माझ्यातले नाहीत" म्हणून परत फिरत.

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी एका जनुकामागे घातली होती. मला ते समजावलं आमटीच्या वाटीवरच. "हे वर तरंगतंय ते तेल. पाण्यात मिसळत नाही. आणि पेशीच्या आत तर पाणीच पाणी. मग चरबीला कडेवर घेऊन इकडून तिकडे नेणारं कुणीतरी लागतं की नाही? ते एक प्रथिन. ते बनवायची कृती म्हणजे हे जनुक."

"मग ते नसेल तर?"

"तेच तर! काढून बघतोय."

परदेशातल्या एका लॅबच्या मदतीनं त्यांनी ते जनुक नसलेले उंदीर वाढवले. आता चरबी अडकणार, उंदीर आडवा होणार, अशी सगळ्यांची खात्री. एका संध्याकाळी केळुसकर सुतकी चेहऱ्यानं जिना चढले. मी घाबरून केळुसकरवहिनींना विचारलं.

"उंदीर ठणठणीत आहे हो," वहिनी म्हणाल्या. "लोणी खाऊन फुगलाय, पण रक्तातली साखरसुद्धा वाढलेली नाही. मिशा साफ करत बसलाय म्हणे."

कितीतरी महिन्यांनी उलगडा झाला. त्याच कुळातलं दुसरं एक प्रथिन होतं. एरवी कोपऱ्यात, थोडंसं. पहिलं गेलं तसं ते वाढलं आणि मुकाट्यानं ओझं उचलायला लागलं. तेव्हापासून केळुसकरांना नवं पालुपद मिळालं. पाणी वेळेवर आलं, जिना झाडलेला दिसला, की डोळे बारीक करून म्हणायचे, "हं. मग काम कोण करतंय?"

जेवायला बोलावणं मात्र वहिनींचं असायचं. "आज काय काढलंय ते ओळखायला या, भावोजी." मी बहुतेक वेळा पित्ताचं निमित्त सांगे. पित्त नव्हतं. ती आमटी घशाखाली उतरत नसे, एवढंच. एकदा त्या हसत म्हणाल्या, "तुम्ही नाही आलात की ओळखायला मी एकटीच उरते. मग हे अगदी हिरमुसतात." मी त्यांच्याबरोबर हसलो, आणि पुढच्या रविवारी पुन्हा पित्त काढलं.

वहिनी गेल्या त्या चार दिवसांच्या तापानं. केळुसकर कोसळतील असं सगळ्यांना वाटलं होतं. ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर कामावर जायला लागले. "माणूस खंबीर आहे," बिल्डिंग म्हणाली. मलाही ते सोयीचं होतं. काय बोलायचं हे सुचत नाही म्हणून मी समोरचं दार चुकवत होतो. खंबीर माणसाचं दार चुकवलं तर चालतं.

मग एका रविवारी फोडणीचा वास आला आणि मागोमाग ताटलीत डाव आपटल्याचा आवाज. मी दार ढकललं. टेबलावर दोन ताटं मांडलेली. केळुसकर एका ताटासमोर बसून दुसऱ्याकडे बघत होते.

मी दुसऱ्या ताटावर बसलो. आमटी चाखली. त्यात सगळं होतं.

"हिंग काढलंत," मी म्हणालो.

"चूक!" ते खुर्चीतून अर्धे उठले. "हिंग आहे! अजून सांगा!"

तेव्हापासून माझे रविवार त्यांच्याकडे गेले. मी ठरवून चुकायचो आणि ते खुशीत येऊन दोन घास जास्त जेवायचे. आमच्या हिनं एकदा विचारलं, "आणि तुमच्या पित्ताचं काय?" मी चपला सरकवून समोर गेलो.

एका डिसेंबरात, वाढता वाढता ते म्हणाले, "मोरे, या रविवारी तुम्हाला काढून बघणार होतो. येऊ नका म्हणून सांगणार होतो."

"मग?"

"ती दोन्ही प्रथिनं काढलेले उंदीर तुम्हाला सांगितले का मी?"

"नाही."

"एरवी बरे दिसतात. पण उपाशी ठेवून गारठ्यात ठेवले, की अंग गार पडत जातं." त्यांनी डाव उचलला. "वाढू ना?"

मी वाटी पुढं केली. त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं. काढलं नव्हतं, विसरले होते. माझ्या तोंडाकडे बघत ते थांबले.

"हिंग," मी म्हणालो.

"चूक!"