आधी नळाला हात लावा

भूपाल अण्णांच्या घरी जाणाऱ्याला आधी अंगणातला नळ धरावा लागे. पाणी सोडायचं नाही, हात धुवायचे नाहीत. नुसती नळाची लोखंडी मान धरून उभं राहायचं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझी पत्नी जाऊन महिना होत आला होता. सुतकातून उठलेल्या माणसासाठी त्यांच्याकडे असा काही रिवाज असेल, असं समजून मी मुकाट्याने नळ धरला. आतून अण्णा म्हणाले, "नीट धरा, मास्तर. अंगातली वीज जाऊ द्या समदी."

त्या दिवसांत माझ्या अंगात काहीच उरलेलं नव्हतं. पण मी धरून राहिलो.

मी साताऱ्याहून बदलीवर सांगलीला आलेला इंग्रजीचा शिक्षक. अण्णा माझे शेजारी. वडिलांचा हळदीचा व्यापार भावाला देऊन त्यांनी जन्मभर रेडिओ दुरुस्त केले होते. डोळे अधू झाल्यावर दुकान बंद केलं. त्यांचा एकुलता एक मुलगा, अजित, अमेरिकेत होता. त्याने कुणा येणाऱ्याबरोबर एक वस्तू पाठवली होती: शाळेच्या पाटीएवढा हिरवा बोर्ड, आणि तोच म्हणे अख्खा कॉम्प्युटर. सांगलीत अजून टीव्हीसुद्धा आला नव्हता. बोर्डासोबत काडेपेटीहून लहान अशी एक काचेची पट्टी होती. तिच्यात चार अक्षरं उमटायची होती. तेवढी पट्टी बोर्डाला जोडायची, एवढंच काम. माहितीपुस्तक इंग्रजीत, म्हणून शाळा सुटली की डिक्शनरी घेऊन मी हजर.

तार पट्टीच्या चुकीच्या पायाला, म्हणजे पिनेला, लागली तर पट्टी जळेल, बोर्ड जळेल, आणि दुसरा मिळणार नाही, ही अण्णांची मोठी भीती. तिच्या पोटात लहान भीती पुष्कळ. पेठेतून हळदीची धूळ उडत येईल. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, लुगड्याचा पदर झटकतील. मला शिंक येईल. शिवाय अण्णा जैन. बोर्डाखाली एखादी मुंगी असली आणि आपण करंट सोडला तर? म्हणून ते दाराशी गुळाचा खडा ठेवत, मुंग्यांनी तिकडेच रमावं म्हणून, आणि तरीही बटण दाबण्याआधी बोर्डावरून मोरपीस फिरवत.

"चाळीस वर्सं रेडिओ उघडलं," अक्का म्हणत, "तवा मुंग्या काय गावाला गेल्या हुत्या?"

"रेडिओत जागा हुती पळायला," अण्णा म्हणत. "हितं कुटं हाय?"

मी यायच्या आधीच त्यांनी मोरपिसाचं अजितला कळवलं होतं, तर त्याचं घाईघाईचं उत्तर आलं. कोरड्या हवेत पीस घासलं की वीज साठते, ठिणगी दिसतही नाही, पण चिप मरते. पीस बंद करा, आणि हात लावण्याआधी नळ धरा. तेव्हापासून अण्णा त्या पिसाकडे घरात साप निघाल्यासारखे बघू लागले. उन्हाळ्यात पीस फिरवलं तर चिप मरणार, न फिरवलं तर मुंगी. पावसाळ्यात हवा दमट, पीस चालेल. पण तो चातुर्मास, तेव्हा किडेही जास्त आणि पापही. वर्षाचे बाराही महिने असे अडलेले.

भीतीची लागण होते. एकदा मी पान उलटत होतो तोच जळका वास आला. "गेलं!" म्हणत अण्णांनी धावत जाऊन घराचा मेन स्विच ओढला. आम्ही दोघं अंधाऱ्या खोलीत बोर्ड हुंगत राहिलो.

स्वयंपाकघरातून अक्का म्हणाल्या, "दूध करपलंय. त्याला बी नळाला लावू काय?"

पूर्वी अजितची पत्रं चार ओळींची असत. मी बरा आहे, थंडी फार आहे. पट्टी आल्यापासून ती पानभर होऊ लागली. अण्णांची प्रत्येक नवी भीती मी नीट लिहून काढायचो आणि तो तिला उत्तर द्यायचा, आकृती काढून. निळं पाकीट आलं की अण्णा ते उभ्याने वाचत, मग बसून वाचत, मग मला वाचायला लावत.

एके दिवशी शाळा लवकर सुटली. मी सवयीने नळ धरला. खिडकी उघडी होती. आत टेबलाशी अण्णा एकटेच, पाठमोरे, आणि त्यांच्या खांद्यापलीकडे काचेच्या पट्टीत लाल, बारीक चार अक्षरं पेटली होती. AJIT. अण्णांचं बोट त्यांच्यावरून फिरत होतं, काचेला न लागता.

माझी चाहूल लागताच त्यांनी प्लग ओढला. करपलेल्या दुधाच्या वेळी ते ओरडले होते. आता नुसते बघत राहिले. इतका भ्यालेला माणूस मी त्या आधी एकदाच पाहिला होता, इस्पितळाच्या आरशात.

"केव्हापासून चालतंय?" मी विचारलं.

"दिवाळीपास्नं."

"अजितला कळवलं नाही?"

त्यांनी चिमट्याने पट्टीची एक तार हलकेच सोडवली आणि बाजूला वाकवून ठेवली. रोज दुपारी मी ती तशीच वाकलेली बघत आलो होतो.

"कळवलं तर म्हनंल, झालं अण्णा, छान. मग फुडं काय लिवंल त्यो?" चिमटा खाली ठेवत ते म्हणाले, "आनि तुमी बी मग कशाला याल, मास्तर?"

आत अक्कांनी चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. माझ्या घराला कुलूप होतं, आणि ते मी अंधार पडेपर्यंत काढत नसे.

मी खुर्ची ओढली, डिक्शनरी उघडली.

"काल कुठवर आलो होतो आपण?"

अण्णांनी दाराशी ठेवलेल्या गुळाकडे पाहिलं. "मुंग्यांपतूर," ते म्हणाले.

मी पेनाचं टोपण काढलं. "मग त्याला विचारू या, की तार जोडताना एखादी मुंगी मधेच आली, तर काय करायचं."

"व्हय," अण्णा म्हणाले. "आनि जरा सविस्तर विचारा."