शंभर टक्के गारा

"आज माझ्या वर्गात एक जरी माणूस झोपला, तर शरच्चंद्र रिसबूड हे नाव लावणार नाही!"

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवत रिसबुडांनी ही प्रतिज्ञा केली.

"मग कुठलं लावणार?" त्यांच्या पत्नी सुनीतीबाईंनी शेंगा निवडता निवडता विचारलं. सदाशिव पेठेत प्रतिज्ञेला एवढाच मान मिळतो.

रिसबूड सरकारी हवामान-संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. राज्यभरच्या कृषी-हवामान शास्त्रज्ञांसाठी शनिवार-रविवार ऑनलाइन प्रशिक्षण होतं आणि ते घेण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. उपग्रहाची चित्रं, रडारची नोंद, फुगे सोडून मोजलेलं वरच्या हवेचं तापमान, हे सगळं एका नव्या सॉफ्टवेअरमध्ये घालून अंदाज कसा काढायचा ते शिकवायचं. पण शनिवारचं पहिलंच व्याख्यान पार झोपलं. म्हणजे ऐकणारे झोपले. एकाचा माइक चालू राहिला होता, त्यामुळे राज्यभर घोरणं पोचलं. शेवटी सोलापूरकडच्या उत्तरेश्वर नावाच्या विद्यार्थ्याने अभिप्राय लिहिला, "सरांचा आवाज फार शांत आहे. आठवड्याची विश्रांती झाली." तो अभिप्राय रिसबुडांच्या वर्मी लागला होता.

तशी बिचाऱ्यांना बोलणी खायची सवय होती. हवामानाचा माणूस इमारतीत राहतो म्हटल्यावर लोक विचारणारच, "काय रिसबूड, पाऊस पडेल का?" आणि रिसबूड अतिशय प्रामाणिक माणूस! आभाळ भरून आलेलं असो नाहीतर ऊन रणरणत असो, त्यांचं उत्तर ठरलेलं, "शक्यता नाकारता येत नाही." शेवटी लोकांनी विचारणंच सोडलं. दुसऱ्या मजल्यावरचे अवधूत लवाटे, म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी, उलट चिडवायचे. "रिसबूड, घड्याळात किती वाजलेत? नाही, म्हणजे नक्की सांगू नका, शक्यता सांगितलीत तरी चालेल." रिसबूड हसून जिना चढायचे, पण ते त्यांना लागायचं. तीस वर्षं आभाळाकडे बघण्यात गेली आणि आपल्या शब्दावर कुणी साधी छत्रीसुद्धा घेत नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं.

अजूनही विचारायची ती फक्त लवाट्यांची मुलगी, कादंबरी. लहानपणी ती रिसबुडांचं बोट धरून गच्चीवर ढग बघायला जायची. आज त्याच गच्चीवर तिचा साखरपुडा होता, मुहूर्त संध्याकाळी साडेपाचचा. मुलगा हडपसरला आयटीत, दिग्विजय नावाचा. गच्चीवर कालच मांडव घातला होता. सकाळीच ती केसांना मेंदी लावून रिसबुडांच्या दारात आली.

"काका, आज पाऊस येईल का? हो की नाही, एकच शब्द!"

"ढग तर नाहीत," रिसबूड म्हणाले. "पण एप्रिल आहे. हवा तापते. स्थानिक पातळीवर काही घडण्याची शक्यता..."

"नाकारता येत नाही!" कादंबरीने वाक्य पूर्ण केलं. "काका, साखरपुडा माझा आहे हो! एकदा तरी ठामपणे सांगा ना!"

रिसबूड ओशाळले. पण खोटं कसं सांगणार? ती जिना उतरून गेली, आणि ते दार लावून वर्गाच्या तयारीला लागले.

झोप उडवण्याची युक्ती त्यांनी रात्रीच शोधली होती. आठ वर्षांपूर्वी अशाच एका एप्रिलमध्ये पुण्यावर जबरदस्त गारपीट झाली होती. तो दिवस शिकवायचा, पण जुना म्हणून नाही! आज तोच दिवस आहे असं समजायचं, आणि ढगामागोमाग ढग बघत, धावत्या समालोचनासारखं शिकवायचं.

नेट फक्त गॅलरीत नीट लागायचं आणि गॅलरी अगदी जिन्याला लागून. मुलीने बंगळूरहून पाठवलेले हेडफोन त्यांनी चढवले. हे हेडफोन असे की घातल्यावर शेजारी लग्नाचा बँड वाजला तरी कळू नये. स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही. आणि ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, तो माणूस ओरडतो!

"मित्रहो! आजची तारीख विसरा! आपण आठ वर्षं मागे गेलो आहोत! पुढे काय होणार हे कुणालाही ठाऊक नाही!"

हे वाक्य त्यांनी खणखणीत आवाजात म्हटलं. पण त्या वेळी जिन्यात चिटपाखरू नव्हतं, सगळे जेवायला बसले होते. इमारतीने ऐकायला हवं होतं ते हेच एक वाक्य, आणि नेमकं तेवढंच निसटलं.

थोड्या वेळाने कादंबरीची आई शालूताई रांगोळीचे डबे घेऊन गच्चीकडे निघाल्या. तिसऱ्या मजल्यावर पोचतात तोच गॅलरीतून आवाज आला.

"तो बघा ढग! सिंहगडाच्या बाजूने निघालाय! कुठे चाललाय? पुण्यावर! थेट पुण्यावर!"

शालूताई थबकल्या.

"किती वाजता पोचेल? साडेपाचला! साधा पाऊस नाही, गारा! लिंबाएवढ्या! काय म्हणता, नक्की का? अहो, शंभर टक्के! मी लिहून देतो!"

लिहून द्यायला रिसबुडांचं काय जात होतं? गारा आठ वर्षांपूर्वी पडून वितळल्यासुद्धा होत्या! आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पुढे काय होणार ते पक्कं माहीत होतं, आणि त्या आनंदात त्यांचा आवाज आणखी चढला होता.

शालूताई धावतच गच्चीवर गेल्या. तिथे सुनीतीबाई चौरंगाभोवती रांगोळी काढत होत्या.

"वहिनी! भावजी म्हणतायत साडेपाचला गारा पडणार! शंभर टक्के!"

सुनीतीबाईंची रांगोळीची चिमूट हातातच राहिली. "शंभर टक्के म्हणाले? हे? तुम्ही नीट ऐकलंत?"

"लिहून देतो म्हणाले!"

सुनीतीबाई मटकन खाली बसल्या. "शालूताई, मला बघायला आले तेव्हा 'मुलगी पसंत आहे का' असं विचारल्यावर 'परिस्थिती अनुकूल वाटते' असं म्हणाला होता हा माणूस! तो शंभर टक्के म्हणत असेल, तर जग बुडणार. मांडव उतरवा!"

लवाट्यांचा मात्र विश्वास बसेना. ते स्वतः जिन्यात येऊन उभे राहिले. दोनदा बेल वाजवली, पण हेडफोनपुढे बेलची काय टाप! मग गॅलरीच्या जाळीतून त्यांनी खुणा केल्या. वर बोट दाखवलं, हात खाली आणला, म्हणजे मांडव उतरवू का? रिसबुडांना वाटलं, लवाटे बाहेर उभं राहून आपलं शिकवणं ऐकतायत आणि 'आवाज जरा कमी करा' म्हणतायत. आज कुणाचंही ऐकायचं नाही असं ठरलेलंच होतं. त्यांनी हसून अंगठा दाखवला.

तेवढ्यात हेडफोनमध्ये उत्तरेश्वरने विचारलं, "सर, अशा वेळी लोकांना सल्ला काय द्यायचा?"

"सल्ला?" रिसबूड गरजले. "उघड्यावरचं कार्य एकदम बंद! मांडव उतरवायचा! गाड्या झाडाखालून हलवायच्या! प्रवासाला निघालेल्यांना लवकर बोलवून घ्यायचं! आणि डोकं सांभाळायचं, डोकं!"

लवाटे जिन्यावरून उड्या मारतच खाली गेले.

मग जी पळापळ झाली ती विचारू नका. मांडव उतरला. पार्किंग मोकळं करायला तिथल्या स्कूटर समोरच्या बंद दुकानाच्या ओट्यावर गेल्या. चौरंग, खुर्च्या, फुलांच्या माळा, आमरसाचं पातेलं, सगळं तीन मजले उतरून पार्किंगमध्ये आलं. लवाट्यांनी हडपसरला फोन लावला. मुलाचे वडील रंगराव मूळचे यवतमाळकडचे. गारपीट हा शब्द ऐकूनच ते उभे राहिले.

"गारपीट! आमच्याकडे बैल आडवे झाले जी गारपिटीनं! आम्ही आत्ताच निघतो!"

आणि भर दुपारी, सगळी पेठ पडदे ओढून पडलेली असताना, रणरणत्या उन्हात मुलाकडची मंडळी येऊन थडकली. रंगरावांच्या जाकिटावर रेनकोट होता. मागोमाग मुलाची आई सुशीलाबाई उतरल्या, अंगावर पैठणी, नाकात नथ आणि डोक्यावर हेल्मेट! त्यांच्या मागच्या सगळ्या आत्या-मावश्यांच्या डोक्यावरही हेल्मेट होती. डोकं सांभाळायला सांगितलं होतं ना! घामाच्या धारा लागल्या होत्या, पण एकीनेही ते काढलं नाही.

वर रिसबुडांचा वर्ग रंगात आला होता. एकही माणूस झोपला नव्हता! शेवटी त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

"आणि वीज जाणार! टाक्या भरून ठेवा!"

एरवी लवाटे घड्याळ लावून मोटर बंद करायचे आणि पाण्याच्या नासाडीवर भाषण द्यायचे. आज ही गर्जना खालपर्यंत ऐकू आली आणि त्यांनी स्वतःच्या हाताने मोटर सुरू केली.

वर्ग संपला. उत्तरेश्वर म्हणाला, "सर, काटा आला अंगावर!" रिसबुडांनी हेडफोन काढले. कान मोकळे झाले, मन पिसासारखं हलकं झालं. झब्बा चढवून ते साखरपुड्याला गच्चीवर गेले, तर गच्ची रिकामी! फक्त अर्धी रांगोळी होती. ते गोंधळून खाली आले आणि पार्किंगमध्ये अख्खी वरात त्यांच्याकडे बघत उठून उभी राहिली.

"या, या!" रंगराव हात जोडून म्हणाले. "तुमच्यामुळे वाचलो जी!"

"कशापासून?" रिसबुडांनी विचारलं.

"गारांपासून!" शालूताई म्हणाल्या. "साडेपाचला पडणार ना?"

रिसबुडांनी आभाळाकडे पाहिलं. ढगाचा ठिपका नव्हता. मग त्यांना हेल्मेट दिसली, रेनकोट दिसला, कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेला मांडव दिसला.

"त्या गारा..." त्यांचा आवाज शनिवारइतका शांत झाला. "त्या आठ वर्षांपूर्वीच्या आहेत. मी शिकवत होतो."

लवाटे म्हणाले, "अस्सं. म्हणजे मांडव उतरवायला आम्हाला जरा उशीरच झाला."

सुशीलाबाईंनी हेल्मेटच्या आतून नवऱ्याकडे पाहिलं. रंगराव रेनकोटची बटणं चाचपू लागले. कादंबरी नटूनथटून खांबापाशी उभी होती, मागे पाण्याच्या मीटरवर फुलांची माळ लोंबत होती. तिला बघून रिसबुडांना रडू यायचं बाकी राहिलं. तिने आपल्याला एकच शब्द मागितला होता, आणि आपण तिला मीटरच्या खोलीशेजारी आणून उभं केलं!

कादंबरी पुढे आली. "काका, अजून वेळ आहे. मांडव परत वर चढवू का? पाऊस येईल? हो की नाही?"

"शक्यता..." सवयीने त्यांच्या तोंडून निघालं. रिसबुडांनी मोबाइलवर रडार पाहिलं, उपग्रह पाहिला, मग पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. आणि छाती पुढे काढून म्हणाले,

"नाही! आज पाण्याचा एक थेंब पडणार नाही! शंभर टक्के!"

"ऐकलंत ना? चला वर!" कादंबरी ओरडली. दिग्विजयने चौरंग उचलला, त्याच्या मित्रांनी बांबू घेतले, आणि वरात निघाली पुन्हा तीन मजले वर! रिसबूड स्वतः आमरसाच्या पातेल्याचा एक कान धरून चढले. घाईघाईत मांडव उभा राहिला. काल तो टाकीपासून लांब, मोजूनमापून घातला होता. आज जिथे जागा मिळाली तिथे बांधला, आणि ती मिळाली नेमकी टाकीखाली.

मुहूर्त गाठला. सुशीलाबाईंनी कादंबरीला कुंकू लावलं, साखरेचा पुडा दिला. घाईत हेल्मेट काढायचं राहूनच गेलं. साडेपाच वाजले. दिग्विजयने अंगठी पुढे केली. आपल्या शब्दावर इतकी माणसं गच्चीवर आली, या विचाराने रिसबुडांचे डोळे भरून आले होते.

अंगठी बोटात गेली, टाळ्या पडल्या, आणि मांडवाचं कापड फाटलं!

लवाट्यांनी लावलेली मोटर कुणी बंदच केली नव्हती. टाकी भरून वाहत होती आणि सगळं पाणी साठून कापड फुगत होतं. ते धो धो कोसळलं, नवरानवरीवर, भटजींवर, रंगरावांवर आणि रिसबुडांवर. मांडवाखाली कोरडं राहिलं ते एकच डोकं, सुशीलाबाईंचं!

क्षणभर सगळे गार. मग कादंबरीच खो खो हसत सुटली, दिग्विजय हसला, आणि मांडवाबाहेर दिवसभर उकडून निघालेल्या मावश्या हेल्मेट काढून धारेखाली उभ्या राहिल्या. रंगराव मिशीतलं पाणी निथळत रिसबुडांकडे आले आणि त्यांच्या पायाला हात लावला.

"मानलं जी! साडेपाच म्हणले, अन् साडेपाचलेच पाडलं!"

ओलेत्या कादंबरीने हसू आवरत विचारलं, "काका, लग्न डिसेंबरात आहे. तेव्हा पाऊस?"

रिसबुडांनी चष्मा पुसला. एका दिवसात दोनदा शंभर टक्के झाले होते. ते हळूच म्हणाले, "शक्यता नाकारता येत नाही."

"येते की," सुनीतीबाई पदर पिळत म्हणाल्या. "मोटरची किल्ली लवाट्यांकडून काढून घेतली, तर येते!"